मातीचा मावळा पुरावा म्हणून कसा वाचायचा?

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, आणि नेमकी विषयापाशी गाडी अडली आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या याच टप्प्यावर असणार. या टप्प्यावरचा एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: "मला माझ्या लहानपणाशी जोडलेल्या गोष्टीवर काम करायला आवडेल, पण कमिटी म्हणेल हा काय विषय झाला? आठवणी म्हणजे इतिहास थोडाच?"

शंका रास्त आहे. आवडीचा विषय घेतला की माणूस त्याच्या प्रेमात असतो, आणि प्रेमात असलेला माणूस उलटतपासणी करत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बघू. उदाहरण अगदी घरचं आहे: दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, आणि ते वर्षानुवर्षं जपून ठेवण्याची लहानपणीची हौस. गाव माझंच, राहाता. शिर्डीच्या अलीकडचं, पेरूच्या बागांचं, नगर–मनमाड रस्त्यावरचं.

आधी शब्द तपासा

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतात, कुणी 'गतकातरता' म्हणतं. पण या शब्दाचा जन्म कुठे झाला माहितीये? एका प्रबंधात! १६८८ मध्ये बाझल विद्यापीठात योहान्नेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो बनवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. होफरच्या लेखी हा चक्क आजार होता. त्याने दिलेल्या रुग्णांपैकी एक होता बर्नहून बाझलला शिकायला आलेला विद्यार्थी. घराच्या ओढीने तो खंगत गेला आणि घराकडे निघाल्यावर सुधारायला लागला. होस्टेलवर राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे हा आजार मुख्यतः परदेशी फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा म्हणून ओळखला जाऊ लागला.

म्हणजे सुरुवातीला ही ओढ जागेची होती. घर लांब आहे, पण तिकडे जाता येतं. नंतरच्या दोन शतकांत तिचा अर्थ सरकला आणि ती काळाची ओढ झाली. काळाकडे परतीची एसटी नसते. मग माणूस काय करतो? त्या काळातली एखादी वस्तू धरून ठेवतो. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) या पुस्तकात या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात हरवलेलं जसंच्या तसं परत उभं करायचं असतं, आणि आपण उभं केलं तेच सत्य असा आग्रह असतो. दुसऱ्या प्रकारात माणूस त्या हरवण्यापाशीच रेंगाळतो आणि स्वतःच्या आठवणीकडेही जरा संशयाने बघतो. संशोधकाला उपयोगी पडते ती दुसरी.

लंडनचा शिपाई

खेळण्यातले शिपाई जमवण्याचा छंद जगात सगळ्यात जास्त लिहिला गेला तो युरोपात. त्यामुळे तुलनेसाठी तिथे एक चक्कर मारू.

अठराव्या शतकात जर्मनीत, विशेषतः न्यूरेंबर्गच्या परिसरात, कथलाचे चपटे शिपाई बनत. पुढे भरीव शिपाई आले, पण ते जड आणि महाग होते. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ शिपाई काढले. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साच्याला लागून पातळ थर गोठला की उरलेलं शिसं परत ओतून काढायचं. शिसं कमी लागलं, वजन घटलं, किंमत उतरली, आणि शिपाई मध्यमवर्गीय घरात पोचला. या कंपनीच्या संचांत ब्रिटिश साम्राज्याच्या पलटणी होत्या, त्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या. म्हणजे लंडनमधलं पोर गालिच्यावर फेटेवाले घोडेस्वार मांडत असे.

विन्स्टन चर्चिल यांनी 'माय अर्ली लाइफ' (१९३०) या आत्मचरित्रात आपल्याकडे जवळजवळ १५०० शिपाई होते असं लिहिलंय. सगळे एका मापाचे, सगळे ब्रिटिश. वडील एकदा ती मांडणी बघायला आले आणि त्यातून त्यांची लष्कराकडे रवानगी ठरली, असं ते सांगतात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये या शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाचे शिपाई बनवणं थांबवलं. शिसं विषारी, आणि प्लास्टिक स्वस्त. उत्पादन थांबलं की जुन्या मालाला 'व्हिंटेज' म्हणायला सुरुवात होते, तसंच इथेही झालं.

आता एक बारकावा. या संग्राहकांच्या जगात शिपायाची किंमत कशावर ठरते? मूळ रंग शाबूत आहे का, मूळ खोका आहे का, संच पुरा आहे का. कुणी हौसेने नवा रंग दिला की किंमत पडते. हे लक्षात ठेवा, आपल्याला लगेच लागणार आहे.

राहात्याचा मावळा

आपल्याकडे दिवाळीच्या आठवडाभर आधी बाजारात मावळे येतात. ढाल-तलवारवाला, भालेवाला, तुतारीवाला, तोफेजवळचा, मांडी घालून सिंहासनावर बसलेले महाराज, घोड्यावरचे महाराज. जोडीला वाघ, गवळण, घागरवाली बाई, भाजीवाली, आणि कुठल्याही हिशेबात न बसणारा रायफलवाला जवान. जुने मावळे मातीचे: दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, भाग जोडायचे, वाळवायचे, रंगवायचे. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आलं. ते साच्यात ओतलं की लवकर घट्ट होतं, काम झटपट होतं. त्यानंतर प्लास्टिक.

किल्ला कसा होतो तेही लिहून ठेवते, कारण 'सगळ्यांना माहीत असतं' अशा गोष्टींचीच नोंद राहत नाही. दगड-विटांचा डोंगर रचायचा, त्यावर पोतं अंथरायचं, वरून चिखलाचा लेप. आमच्याकडे माती काळी, कपाशी-उसाची. ती वाळली की भेगाळते, म्हणून कालवताना शेण घालायचं, नाहीतर कुठून तरी मुरूम आणायचा. वर अळीव किंवा मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवळ. वाटीचं तळं. चुन्याची वाट. मग शेवटी, अगदी शेवटी, डबा उघडायचा आणि मावळे लावायचे.

डबा म्हणजे माळ्यावरचा पत्र्याचा डबा. दिवाळी संपली की मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यात जायचे. पुढच्या वर्षी उघडला की दोघातिघांचे हात तुटलेले, एखाद्याची मान गेलेली. मग डिंकाने जोडायचं, खवले गेलेत तिथे रंग द्यायचा, आणि मोडले तेवढे दोनचार नवीन आणायचे.

बघा, लंडनच्या संग्रहाशी हे किती उलटं आहे. तिथे नवा रंग दिला की वस्तू बाद. इथे नवा रंग दिला की मावळा आणखी एक वर्ष जगला. तिथे संच पुरा व्हायला हवा. इथे संच कधी पुरा होतच नाही, कारण माती फुटते, आणि म्हणूनच दरवर्षी बाजारात जायला कारण मिळतं. सुसान स्टुअर्ट यांच्या 'ऑन लाँगिंग' (१९८४) या पुस्तकात आठवणीची वस्तू आणि संग्रह यांत फरक केलाय. आठवणीची वस्तू एखाद्या गेलेल्या प्रसंगाकडे बोट दाखवते. संग्रह मात्र स्वतःचीच एक बंद दुनिया रचतो. आपला डबा दोन्हींत पूर्ण बसत नाही. मराठीत यासाठी फार नेमकं क्रियापद आहे: 'जमवणं'. संग्रह करणारा वस्तू वापरातून बाहेर काढतो. जमवणारा ती वापरण्यासाठीच ठेवतो.

परदेशी सिद्धान्त वापरताना हे करा. तो आपल्या वस्तूला चिकटवू नका, शेजारी ठेवा. जिथे तो बसत नाही, तिथेच तुमचं स्वतःचं म्हणणं सुरू होतं.

हा किल्ला कोणत्या काळाचा?

आता खरा इतिहासाचा प्रश्न. दिवाळीत किल्ला करण्याची चाल शिवकाळापासूनची आहे, असं आपण सर्रास ऐकतो. असं विधान सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर पहिला प्रश्न येणार: सतराव्या शतकातला कागद दाखवा. म्हणून आपण प्रश्नच फिरवू. समोरचा मावळा कोणत्या काळाचा पुरावा आहे? उत्तर सोपं आहे: तो घडवला, विकला, जपला गेला त्या काळाचा.

शिवकाळातलं सैन्य कसं होतं, यासाठी वेगळी साधनं आहेत. सभासदाची बखर १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. तिच्यात पायदळाची नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी उतरंड सापडते. गडाच्या कारभारात हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस असतात. म्हणजे गडावर तलवारीइतकंच महत्त्व धान्याच्या कोठाराला आणि हिशेबाच्या वहीला होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाण्याची खात्री करा यावर केवढा भर आहे! आपल्या खेळण्यातल्या किल्ल्यावर वाटीचं तळं असतं, ही गंमत आहेच. पण कारखानीस कुठे असतो? वही घेऊन बसलेला मातीचा सबनीस कुणी विकत घेतलाय का?

म्हणजे खेळण्याने इतिहासातून निवड केली. निवड कुणी केली, कधी केली? इथे एकोणिसावं आणि विसावं शतक बघावं लागतं. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि त्यांना रयतेचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. १८९५ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरच्या समाधीचा प्रश्न लावून धरला आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १९२८ मध्ये पुण्यात नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९५२ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' पडद्यावर आला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि चौथीच्या वर्गात शिवचरित्र हे इतिहासाचं पुस्तक म्हणून पिढ्यांच्या हाती पडलं.

चौथी म्हणजे नऊ-दहा वर्षं. किल्ला करण्याचं वयही तेच! पुस्तकातलं चित्र, कॅलेंडरवरचं चित्र, चौकातला पुतळा आणि साच्यातला मावळा एकमेकांकडे बघून घडले का, हा तपासण्यासारखा प्रश्न आहे. घोड्याचा उचललेला पाय, महाराजांच्या हाताची ठेवण, जिरेटोपाचा आकार एवढं जरी सालवार लावून पाहिलंत, तरी एक प्रकरण उभं राहतं. या वाटेवर प्राची देशपांडे यांचं 'क्रिएटिव्ह पास्ट्स' (२००७) जरूर वाचा. मराठी माणसाने १७०० ते १९६० या काळात आपला भूतकाळ कसा घडवला, याचा तो अभ्यास आहे. हॉब्सबॉम आणि रेंजर यांचं 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' (१९८३) सोबत ठेवा, पण जपून. 'परंपरा नवी आहे' याचा अर्थ 'परंपरा खोटी आहे' असा होत नाही. शंभर वर्षांची हौसही इतिहासच असते.

आणि तो रायफलवाला जवान? मुलांनी काळाचा घोळ घातला म्हणून आपण हसतो. इतिहासकाराने हसू नये. सतराव्या शतकाच्या गडावर विसाव्या शतकातला जवान पहारा देतो, याचा अर्थ मुलांच्या लेखी दोघांचं काम एकच आहे. नगर तर लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. ज्या जिल्ह्यात शाळेची सहल रणगाडे बघायला जाते, तिथल्या किल्ल्यावर जवान असणारच.

डोंगर नसलेल्या गावातला डोंगरी किल्ला

आता नकाशा काढा. राहाता सपाट मैदानात आहे. गोदावरी आणि प्रवरा यांच्या मधली काळी जमीन, कालव्याचं पाणी, डोंगर लांब पश्चिमेला अकोले तालुक्यात. हरिश्चंद्रगड, रतनगड तिकडे. शिवचरित्रातला या भागाला जवळचा प्रसंग म्हणजे १६७९ चा. जालन्याच्या स्वारीहून परतताना महाराजांची संगमनेरजवळ मोगली फौजेशी गाठ पडली, आणि नंतर ते पट्टा किल्ल्यावर विसावले. म्हणून त्याचं नाव विश्रामगड.

आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काय आहे? अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) भुईकोट. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने दगडात बांधून काढलेला, भोवती खंदक असलेला. १५९५–९६ मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध हाच किल्ला लढवला. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू इथेच कैदेत होते. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा स्वतःचा किल्ला सपाटीवरचा आहे. पण राहात्याचं पोर भुईकोट करत नाही. ते पोतं टाकून डोंगर उभा करतं आणि त्याला रायगड, प्रतापगड, राजगड म्हणतं. चांदबिबीची मातीची बाहुली तर मी बाजारात कधीच पाहिली नाही.

यात तक्रार काही नाही. मुलांनी काय करावं हे आपण ठरवत नाही. पण संशोधकाला यातून एक धागा मिळतो: आठवण ही जवळच्या भूगोलाची असतेच असं नाही. शाळेने, छापखान्याने आणि सिनेमाने दिलेला भूगोल अंगणातल्या भूगोलावर मात करू शकतो. 'स्थानिक इतिहास' लिहिताना हा फरक डोळ्यांआड करू नका.

खेळणं की देव?

राहात्याच्या शेजारी श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस, आणि बैलजोडीचा रथ, त्यावर उभा माणूस. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, बरेच जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. पहिल्यांदा फोटो बघितला की कुणीही म्हणेल, अरे ही तर खेळणी! एवढं वजन पोराला ओढता येणार नाही, मग ती मिरवणुकीतली, पूजेची असतील, असा दुसरा तर्क निघतो.

मुद्दा असा की वस्तूचा आकार बघून तिचं काम ठरत नाही. आपल्या घरांतलंच बघा. देवघरात घोड्यावरच्या वीराचा टाक असतो. तोही छोटा शिपाईच. नाशिककडे धुळवडीला हे घरचे वीर मिरवले जातात. वेशीबाहेर वीरगळ असतो, त्यावर लढणारा माणूस कोरलेला. मग कागदात गुंडाळलेला मावळा नक्की काय? सात वर्षांच्या मुलाला तो खेळणं. पण हात तुटलेले महाराज कचऱ्यात टाकायचं कुणाचं धाडस होत नाही. ते विहिरीत किंवा नदीत सोडतात, नाहीतर झाडाखाली ठेवतात. साधा भालेवाला मोडला तर तो टाकून देतात. एकाच डब्यात, एकाच साच्याच्या मातीत, दोन वेगवेगळे दर्जे! 'मोडल्यावर काय करता?' हा प्रश्न मुलाखतीत जरूर विचारा. 'याचं महत्त्व काय?' असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. मोडल्यावर काय करता विचारलंत तर उत्तर मिळेल.

डब्यात कोण नाही?

इथवर सगळं गोड आहे. आता जरा कडू.

राहाता तालुक्यातच लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आहे, १९५०–५१ च्या हंगामापासूनचा, महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात करणारा. गाळप साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. म्हणजे इकडे अंगणात किल्ला होतो, त्याच दिवसांत बीड, पाथर्डी, जामखेडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुलं बरोबर, फडाजवळ कोपी. त्या मुलांची दिवाळी बहुतेक गावी किंवा प्रवासात जाते. त्यांच्याकडे माळा नाही. माळा नाही तर डबा नाही. डबा नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत मावळा टिकवणार कुठे?

जपून ठेवायला जागा लागते. हे वाक्य साधं आहे, पण संग्रहांवरच्या कित्येक सुंदर पुस्तकांतून ते सुटलेलं असतं. चर्चिलचे १५०० शिपाई मावायला तेवढं मोठं घर होतं. लहानपणीच्या जमवलेल्या वस्तूंवरचं स्मरणरंजन बहुतेकदा एका जागी स्थिर राहिलेल्या घरांचं असतं. 'मराठी बालपण' असं शीर्षक देऊन तुम्ही फक्त त्या घरांच्या मुलाखती घेतल्यात, तर प्रबंध खोटा ठरेल, मग त्यातलं एकेक वाक्य खरं का असेना.

तेच मुलींचं. आमच्या वाड्यात किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची, अशी वाटणी न बोलता व्हायची. पाणी आणणं, माती कालवणं यात आम्ही असायचो. मावळे लावायच्या वेळी सूत्रं दुसऱ्याच्या हातात. आज तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना किल्ल्याबद्दल विचारलं की 'आम्ही करायचो' असं म्हणतात. त्या 'आम्ही'त कोण होतं, हा पुढचा प्रश्न तुमचा.

आणि तेच साचा धरणाऱ्या हातांचं. दिवाळीच्या मोसमात मावळे घडवणाऱ्या कुंभार घरातल्या पोराला दिवाळीआधीचे दिवस म्हणजे कामाचे. त्याच्या आठवणीत मावळा हा आनंदाचा आहे, की रात्री जागून रंगवलेल्या शेकड्याचा? एकाच वस्तूच्या दोन आठवणी, आणि त्यातली एकच छापून येते.

सिनॉप्सिसकडे

तर आवडीतून प्रश्न कसा काढायचा? मी वापरते ती रीत सांगते.

पहिलं, विषय लहान करा. 'महाराष्ट्रातील खेळण्यांचा इतिहास' हा विषय नाही, ते स्वप्न आहे. 'राहाता तालुक्यातील दिवाळीचे किल्ले आणि मावळ्यांच्या मूर्ती: निर्मिती, वापर आणि स्मृती' हा विषय होऊ शकतो.

दुसरं, वस्तू स्वतः तपासा. समजा डब्यातला एक मावळा १९९६ च्या नोव्हेंबरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला निघाला. यातून एवढंच सिद्ध होतं की तो कागद १९९६ च्या आधी गुंडाळला गेला नाही. मावळा त्याहून जुना असू शकतो. उत्खननात नाणं सापडलं की थराचा काळ ठरवतात, तसाच हा तर्क. रंगाचे थर मोजा. प्लास्टर की माती बघा. साच्याची शिवण कुठून जाते बघा, एकाच साच्यातले भाऊ वेगवेगळ्या घरांत सापडतील.

तिसरं, घरातले फोटो. अंगणातल्या किल्ल्यासमोर नवे कपडे घालून काढलेला फोटो बऱ्याच घरांत असतो. फोटो किल्ल्याचा म्हणून काढलेला नसतो, मुलांचा म्हणून काढलेला असतो. म्हणूनच तो चांगला पुरावा, कारण मागचा किल्ला कुणी सजवून दाखवत नसतं.

चौथं, मुलाखतीची यादी करताना आधी ज्यांच्याकडे डबा नाही त्यांची नावं लिहा. कोपीतली कुटुंबं, कुंभार, रस्त्याच्या कडेला मावळे विकणारे, किल्ला न केलेल्या मुली. मग डबेवाल्यांकडे जा. उलट क्रमाने गेलात तर गोड आठवणींनी वही भरून जाईल आणि बाकीच्यांसाठी पानं उरणार नाहीत. मुलाखतीची लेखी संमती घ्या, आणि नावं कधी बदलायची ते आधीच ठरवा.

पाचवं, 'पूर्वी किती छान होतं' हे वाक्य आलं की थांबा. ते खोडू नका, अधोरेखित करा. बोलणारा नक्की काय गेलं म्हणतोय ते विचारा. बऱ्याचदा मावळा गेलेला नसतोच, तो दुकानात आहे. गेलेलं असतं अंगण. किंवा काळी माती मागायला जायचं ते शेत, जिथे आता प्लॉट पडलेत. किंवा एकत्र चिखल तुडवणारी भावंडं, जी पुण्याला, पिंपरीला गेली. होफरच्या विद्यार्थ्याचा आजार आठवा: दुखणं वस्तूचं नव्हतं, घराचं होतं.

कमिटीने विचारलं की हा काय विषय झाला, तर उत्तर तयार ठेवा. एका छोट्या मातीच्या बाहुलीतून छपाईचा इतिहास दिसतो, शाळेचा दिसतो, उसाचा आणि स्थलांतराचा दिसतो, घरातल्या कामाच्या वाटणीचा दिसतो. मोठ्या प्रश्नांपर्यंत पोचायला लहान वस्तू पुरते, फक्त तिला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

एक घाईची गोष्ट मात्र आहे. मातीच्या मावळ्यांचे जुने साचे ज्या घरांत आहेत, तिथली करती माणसं थकली आहेत, आणि प्लास्टरचा तयार माल आल्यापासून बरेच साचे नुसते पडून आहेत. मावळा डब्यात आणखी वीस वर्षं टिकेल. साचा कसा धरायचा हे सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघू नका. येत्या दिवाळीच्या दोन महिने आधी, काम सुरू होतं तेव्हा, वही घेऊन आपल्या गावच्या कुंभारवाड्यात जाऊन या.